सहाशे ठसे आणि एक पुराण

कळमनुरी परिसरातील वृद्ध ख्रिस्ती बांधवांकडून ऐकलेल्या आठवणींची एक वही गेली काही वर्षे माझ्या मेजावर पडून आहे. भाषा हवी तशी उतरलेली नाही, काही सनांची खातरजमा व्हायची आहे, या सबबीवर मी ती कोणाच्याच हाती दिली नाही. दरम्यान आठवणी सांगणाऱ्यांपैकी दोघे प्रभूच्या घरी गेले. त्यांना छापलेले पान दाखवावयाचे राहून गेले. ही रुखरुख मनात असताना ‘ख्रिस्तपुराणा’चा इतिहास पुन्हा वाचला आणि त्यात माझ्या सबबीला उत्तर सापडले.

फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्लंडमधील विल्टशायर परगण्याचे. 1579 च्या ऑक्टोबरात हे येशूसंघीय गोव्यास पोहोचले आणि 1619 मध्ये देहावसान होईपर्यंत तेथेच, बहुतांशी साष्टीत, राहिले. या भूमीच्या भाषेतील पुस्तके तिच्याच लिपीत छापली जावीत, ही त्यांची अनेक वर्षांची इच्छा होती. 1608 मध्ये त्यांनी रोमला आपल्या महावरिष्ठांना तसे पत्र लिहिले. अडचणही त्यांनी त्यातच नमूद केली. युरोपीय लिपीचे काम 24 अक्षरांत भागते. येथील जोडाक्षरांसह ठसे सहाशेच्या घरात जातात आणि एवढे ठसे ओतणे अशक्यप्राय वाटते.

ते ठसे काही तयार झाले नाहीत. लेखकाने वाट पाहत बसावयाचे ठरविले असते, तर त्याला दोष कोण देता? परंतु 1616 मध्ये राशोल येथे सुमारे 11 हजार ओव्यांचे ते पुराण रोमन लिपीत छापून निघाले. तेव्हा फादर पासष्टी ओलांडून गेले होते आणि त्यांच्या आयुष्याची तीनच वर्षे उरली होती.

भाषेबाबतही त्यांनी एक आवड मागे ठेवली. जुन्या कवींचे कठीण शब्द सामान्य वाचकांना कळत नाहीत, म्हणून ते टाळून ब्राह्मणांच्या बोलीतील सोपे शब्द मिसळले आहेत, असे ते प्रस्तावनेत सांगतात. पुराणाच्या आरंभी एक ब्राह्मण ख्रिस्ती श्रोता त्यांना विनवितो की, पूर्वीची पुराणे वर्ज्य झाली, तर त्यांच्या जागी आम्हांस दुसरे काही द्या. त्या श्रोत्याची अपेक्षा त्यांनी पूर्ण केली. पंडितांनी आपल्या शब्दवैभवाची वाखाणणी करावी, या अपेक्षेला त्यांनी दुय्यम स्थान दिले.

याचा अर्थ त्यांनी हयगय केली असा नव्हे. या भूमीच्या भाषेचे व्याकरण रचणारा मनुष्य शुद्धतेविषयी बेफिकीर कसा असेल? पण ते व्याकरणही त्यांच्या हयातीत छापले गेले नाही. फादर दियोगो रिबेरो आदींनी त्यात भर घातली आणि 1640 मध्ये ते प्रसिद्ध झाले. आपल्या हातून राहिलेले दुसऱ्यांच्या हातून पुरे होते. मात्र पहिल्या हाताने काही लिहून ठेवलेले असावे लागते.

पुराणाच्या 1649 व 1654 मध्ये आणखी दोन आवृत्त्या निघाल्या. आज या तिन्ही मुद्रणांची एकही प्रत उपलब्ध नाही. श्रद्धावंतांनी हाताने उतरून घेतलेल्या पोथ्यांनी ग्रंथ जगविला. त्यांच्या आधारे जोसेफ साल्ढाणा यांनी 1907 मध्ये मंगळूरला रोमन लिपीतील आवृत्ती काढली. 1956 मध्ये शांताराम बंडेलू यांनी पुण्याहून देवनागरीतील आवृत्ती प्रसिद्ध केली. फादर स्टीफन्स यांनी मनी धरलेले रूप त्यांच्या पुराणाला पहिल्या मुद्रणानंतर 340 वर्षांनी लाभले. देवनागरी ठशांसाठी त्यांनी लेखन अडवून धरले असते, तर लिप्यंतर कशाचे करावयाचे होते?

आपल्या धर्मग्रामांत माझ्यासारख्या वह्या आणखी असतील. ‘आमची मराठी शुद्ध नाही’ असे म्हणून त्या ट्रंकेत ठेवल्या जातात. माझी वही मी या महिन्यात एका जाणत्या शिक्षकबंधूंच्या हाती देणार आहे. ज्या सनांविषयी शंका आहे, तेथे प्रश्नचिन्ह केले आहे. ते पुसण्याचे काम कोणीतरी पुढे करील.