पोकरात गावाचा नंबर कसा लागतो? हवामान बदलाच्या निधीची यादी, निकष आणि बाहेर राहणारी माणसं

"शेजारच्या गावाला पोकरा आहे, मग आपल्याला का नाही?" पोकरा आल्यापासून हा प्रश्न अनेक गावांत विचारला जातो. कुणी म्हणतं आमदारांनी करून घेतलं, कुणी म्हणतं नशीब. खरं म्हणजे या यादीमागे एक पद्धत आहे. ती समजली तर पुढच्या वेळी नेमकं काय मागायचं हेही समजेल.

पोकरा म्हणजे नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प. हवामान बदलाचा फटका शेतीला कमी बसावा म्हणून 2018 मध्ये जागतिक बँकेच्या कर्जातून तो सुरू झाला. खर्च सुमारे 4 हजार कोटी, त्यातला 70 टक्के वाटा बँकेच्या कर्जाचा आणि 30 टक्के राज्याचा. पहिल्या टप्प्याच्या सुरुवातीला 15 जिल्ह्यांतली 5,142 गावं होती: मराठवाड्याचे आठही जिल्हे, विदर्भातले सहा आणि जळगाव. यातली 932 गावं पूर्णा नदीच्या खारपाणपट्ट्यातली. तिथं विहिरीला पाणी लागलं तरी ते खारट, पिकाला देता येत नाही. दुसऱ्या टप्प्यात नाशिक आणि विदर्भातले उरलेले पाच जिल्हे धरून 21 जिल्ह्यांतली 7,201 गावं घेतली आहेत.

यादी ठरते कशी?

केंद्राने 2008 मध्ये हवामान बदलाचा राष्ट्रीय आराखडा आणला आणि पुढे राज्यांनाही आपापले आराखडे करायला सांगितलं. महाराष्ट्राने हे काम टेरी या संस्थेला दिलं. 2014 मध्ये अहवाल आला आणि 2017 मध्ये राज्याने याबाबतचं धोरण स्वीकारलं.

या अभ्यासात जिल्ह्यांची जोखीम तीन गोष्टींवरून मोजली. पहिली, पाऊस आणि तापमान किती बदलणार. दुसरी, त्या बदलाने तिथल्या शेतीचं आणि माणसांचं किती बिघडणार. तिसरी, फटका बसल्यावर सावरायची ताकद किती, म्हणजे सिंचन, शिक्षण, हातात पैसा वगैरे. दोन गावांत सारखाच पावसाचा खंड पडला, पण एका गावाला कालवा आहे आणि दुसऱ्याला नाही, तर जोखीम सारखी राहत नाही. सगळ्यांना सारखं वाटणं आणि न्यायाने वाटणं यातला फरक इथंच आहे.

या मोजणीत सगळ्यात जास्त जोखमीचा जिल्हा निघाला नंदुरबार. राज्यातला सगळ्यात कमी पाऊस काही नंदुरबारला पडत नाही. सांगली-सोलापूरच्या दुष्काळी तालुक्यांत त्याहून कमी पडतो. पण तिसऱ्या गोष्टीत, सावरायच्या ताकदीत, हा आदिवासी जिल्हा मागे पडतो. आणि पोकराच्या पहिल्या 15 जिल्ह्यांत नंदुरबार नव्हता, आता 21 झाले तरी त्यात नाही.

पोकरा आखताना विदर्भ-मराठवाड्यातला दुष्काळ आणि शेतकरी आत्महत्या डोळ्यांसमोर होत्या. ते कारण काही खोटं नाही, त्या भागाची गरजही खरी आहे. पण राज्याच्याच अभ्यासात पहिला आलेला जिल्हा यादीत नसेल तर का नाही, हे सरकारने साध्या मराठीत लोकांना सांगायला हवं. जोखीम मोजणं एक आणि प्राधान्य ठरवणं दुसरं. मोजणी तज्ज्ञ करतात, पण कुणाला आधी द्यायचं हा निर्णय सरकारचा असतो, आणि त्याचा जाब विचारता येतो.

गाव यादीत आलं, पण माणूस?

यादीत गाव आलं म्हणजे गावातली सगळी माणसं आली असं नाही. पहिल्या टप्प्यात वैयक्तिक लाभासाठी 5 हेक्टरची मर्यादा होती, त्यामुळे मोठे बागायतदार आपोआप बाहेर राहिले. बऱ्याच घटकांना 2 हेक्टरपर्यंतच्या शेतकऱ्याला 75 टक्के आणि त्यावरच्याला 65 टक्के अनुदान होतं. कागदावर हे चांगलंच आहे.

अडचण पुढे येते. अनुदान थेट बँक खात्यात जमा होतं, पण आधी वस्तू घ्यायची, बिल जोडायचं, तपासणी व्हायची, मग पैसे. समजा तुषार संच 20 हजारांचा आहे. 75 टक्क्यांनी 15 हजार परत येतील, पण आज 20 हजार खिशातून काढावे लागतात. ज्याच्याकडे तेवढे नाहीत तो अर्जच करत नाही, नाहीतर सावकाराकडे जातो. दुसरं म्हणजे ठिबक-तुषार त्याच्याच कामाचं ज्याच्याकडे विहीर, बोअर नाहीतर शेततळं आहे. निव्वळ कोरडवाहू माणसाने नळ्या आणून करायचं काय?

तिसरी अडचण सातबाऱ्याची. पहिल्या टप्प्यात अर्जाला सातबारा आणि आठ-अ लागत होता. बटाईने, ठोक्याने शेती करणाऱ्याचं नाव त्यावर नसतं. पाऊस गेला की नुकसान त्याचंच, योजना मात्र मालकाच्या नावावर. घरच्या बाईचंही तसंच. खुरपणीपासून वेचणीपर्यंत ती शेतात राबते, पण सातबाऱ्यावर नाव नवऱ्याचं किंवा सासऱ्याचं. भूमिहीन, विधवा, परित्यक्ता यांच्यासाठी शेळीपालन आणि परसातल्या कोंबड्या असे घटक ठेवले होते. अनेकांना या घटकांची माहितीच नसते.

गावपातळीवर कुठं बोलता येतं?

पोकराच्या गावात गावपातळीची समिती असते आणि सरपंच तिचे अध्यक्ष असतात. सूक्ष्म नियोजन करून गावाच्या पाण्याचा ताळेबंद मांडला जातो, म्हणजे पाऊस किती पडला, किती मुरला, किती वाहून गेला आणि पिकांना किती लागतं. त्यावरून कामं ठरतात आणि आराखडा ग्रामसभेत मंजूर होतो. नाल्यावरचं काम कुणाच्या रानाजवळ होतं त्यावर कुणाच्या विहिरीला पाणी वाढणार हे ठरतं, म्हणून त्या दिवशी हजर राहणं महत्त्वाचं. वरच्या अंगाला असलेल्या कोरडवाहू रानांत बांधबंदिस्ती किती धरली आहे, हे जरूर विचारा.

गावाचं नाव यादीत आहे का हे सहायक कृषी अधिकारी किंवा तालुका कृषी अधिकारी कार्यालयात कळेल. तिथंच लाभार्थ्यांची यादी मागा आणि त्यात भूमिहीन किती, महिला किती, हे मोजून बघा. नियमित ग्रामसभेच्या आधी महिलांची वेगळी सभा घेणं कायद्याने बंधनकारक आहे. शेळीपालनाचा विषय त्या सभेत लेखी घ्यायला लावला की ग्रामपंचायत अधिकाऱ्याला तो पुढच्या ग्रामसभेसमोर ठेवावा लागतो.