सागाची जहाजे आणि समुद्रातली वाळवी

विदर्भातील चांद्याजवळच्या बल्लारपूरच्या लाकूड आगारातला साग देशभर मागवला जातो आणि २०२३ मध्ये अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठीही तो तेथूनच रवाना झाला, यामागे त्याच्या रेषांच्या देखणेपणाइतकेच त्याला सहसा वाळवी लागत नाही हेही कारण आहे. पश्चिम किनाऱ्यावरील जहाजबांधणीतही साग अग्रस्थानी राहिला तो याच टिकाऊपणामुळे. मुंबईच्या गोदीत वाडिया घराण्याने बांधलेले आणि १८१७ मध्ये पाण्यात उतरलेले ‘ट्रिंकोमाली’ हे सागवानी जहाज इंग्लंडमधील हार्टलपूल येथे आजही पाहता येते. (तो साग मलबारचा होता, चांद्याचा नव्हे, हे वैदर्भीय अभिमान्यांनी मान्य करावे.) परंतु ‘ट्रिंकोमाली’ टिकले ते तरंगत राहिल्यामुळे. उष्ण समुद्राच्या तळाशी गेलेल्या लाकडाला टेरेडो नावाचा, दिसायला अळीसारखा परंतु कुळाने शिंपल्यांचा सोयरा असलेला प्राणी आतून पोखरतो. जहाजांच्या तळांवर तांब्याचे पत्रे मढवण्याची जी प्रथा गलबतांच्या काळात रूढ झाली, ती मुख्यतः या समुद्री वाळवीच्या धास्तीने. सागाला ती उशिरा लागते एवढेच. त्यामुळे कोकण-गोव्याच्या पाण्यात बुडालेल्या जहाजाचा शोध म्हणजे बहुधा जहाजाचा नव्हे, तर त्याने वाहून आणलेल्या मालाचा शोध असतो.

गोव्यात झुआरी नदीच्या मुखाबाहेर सुंची नावाची खडकांची रांग आहे. अशा पाण्याखालील किंवा जेमतेम पाण्याबाहेर डोकावणाऱ्या खडकांना किनाऱ्यावर खडप म्हणतात, आणि खलाशी त्यांच्यापासून जितका दूर राहू पाहतो तितकाच मच्छीमार त्यांच्याकडे ओढला जातो, कारण कपारींच्या आश्रयाने मासळी तेथेच राहते. दोना पावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या पुरातत्त्वज्ञांनी सुंचीच्या अवघ्या काही मीटर खोल पाण्यात बुड्या घेतल्या, तेव्हा लाकडी सांगाडा त्यांच्या हाती लागला नाही. लागल्या त्या लोखंडी तोफा, घडवलेले दगडी चिरे, चिनी निळ्या-पांढऱ्या भांड्यांची आणि मर्तबान रांजणांची खापरे, हत्तीचे दात आणि पाणघोड्याचे दात. पाणघोडा हिंदुस्थानात आढळत नाही. त्यामुळे एकाच ढिगाऱ्यातले हे दात आणि ती चिनी खापरे आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यापासून चीनपर्यंत पसरलेल्या पोर्तुगीज व्यापाराची साक्ष देतात. जहाज सतराव्या शतकातले असावे, असे अभ्यासकांनी ठरवले.

गोव्याच्याच सेंट जॉर्ज खडपावरील अवशेष विदर्भातल्या वाचकाला अधिक ओळखीचे वाटतील, कारण तेथे तळाशी पडलेली आहेत ती कवेलू, फरशा, खांबांचे गोल तुकडे आणि पानाफुलांच्या नक्षीचे स्तंभशीर्ष, सर्व भाजलेल्या मातीचे. त्यांतील काहींवर बासेल मिशन या ख्रिस्ती मिशनरी संस्थेच्या कौल कारखान्याचे नाव आणि १८६५ हे साल उठवलेले आहे. हे साल म्हणजे जहाज बुडाल्याचे वर्ष असा समज सहज होऊ शकतो. वस्तुतः ते मिशनचा हा मंगळूरचा कारखाना सुरू झाल्याचे वर्ष आहे, आणि त्यावरून इतकेच सिद्ध होते की जहाज त्यानंतर केव्हातरी बुडाले. ज्या घरांसाठी हे खांब निघाले होते ती घरे दुसऱ्या खांबांवर उभी राहिली असणार.

या खडपांवर हौशी माणूस पोहोचला तो फार अलीकडे. फ्रान्समध्ये १९४३ साली झाक-इव्ह कुस्तो आणि एमिल गान्यान यांनी, पाठीवरच्या नळकांड्यातील दाबलेली हवा श्वासाच्या गरजेनुसार पुरवणारी झडप तयार केली. स्वतःच्या हवेसह बुडी मारण्याच्या या पद्धतीलाच आज स्कूबा म्हणतात. कुस्तो आणि त्यांचे सोबती त्याआधी भूमध्य समुद्रात चष्मा लावून, दम धरून, भाल्याने मासे मारणारे शिकारी होते, म्हणजे पाण्याखालचे पर्यटन शिकारीच्या पोटी जन्मले. भाल्याचे हे कसब गडचिरोलीच्या माडिया गोंडांच्या धनुष्यबाणाने मासे मारण्याच्या रीतीशी ताडून पाहण्याजोगे आहे. काठावर उभ्या असलेल्या तिरंदाजाला मासा असतो त्याहून वर दिसतो, म्हणून तो दिसणाऱ्या माशाच्या खाली नेम धरतो. पाण्यात उतरलेल्या भालेकऱ्याला चष्म्यातल्या हवेमुळे तोच मासा जवळ आणि सुमारे एक-तृतीयांशाने मोठा दिसतो. दोघांनाही पाणी फसवते, फसवण्याची तऱ्हा तेवढी निराळी. मात्र हवेचे नळकांडे पाठीवर आले की माशाच्या बाजूने असलेली एकमेव सवलत, म्हणजे शिकाऱ्याचा संपणारा दम, नाहीशी होते, आणि म्हणूनच स्कूबा लावून भाला चालवणे अनेक देशांनी निषिद्ध ठरवले.

महाराष्ट्रात मालवणच्या खडपांना १९८७ मध्ये सागरी अभयारण्याचा दर्जा मिळाला. मच्छीमारांचा त्याला विरोध राहिला. ज्या खडपांवर पिढ्यान्‌पिढ्या पोट भरले तेथे मज्जाव येणार, ही त्यांची धास्ती अनाठायी म्हणता येत नाही. पुढे मालवण-तारकर्लीच्या किनाऱ्यावर स्कूबाचा धंदा रुजला, राज्य पर्यटन महामंडळाने तारकर्लीला प्रशिक्षण संस्था काढली, आणि पाहण्यासाठी आता बुडालेले जहाजही हवे झाले. त्यासाठी निवड झाली ती ‘गुलदार’ या पोलंडमध्ये बांधलेल्या, सैन्य आणि रणगाडे किनाऱ्यावर उतरवणाऱ्या जहाजाची. ते १९८५ च्या डिसेंबरात नौदलात दाखल झाले आणि जानेवारी २०२४ मध्ये निवृत्त झाले. त्याच किनाऱ्यावरील निवतीजवळ ते तळाशी नेऊन त्यावर प्रवाळ व मासळी वसवण्याची ही योजना आहे. त्याचे पोलाद टेरेडोला पोखरता येणार नाही, गंज तेवढा चढेल. मात्र प्रदूषण टाळण्यासाठी असे जहाज बुडवण्यापूर्वी त्यातले तेल, तारा आणि सुटे सामान काढून ते धुऊन-पुसून स्वच्छ करावे लागते. सुंचीच्या खडपावर जहाज गेले आणि माल उरला, निवतीला जहाजच तेवढे तळाशी जायचे आहे, तेही रिकामे.