पानाचा रंग आणि कागदाची पट्टी

मौजे भरे, तालुका मुळशी, जिल्हा पुणे, अशी महसुली दप्तरात ज्याची नोंद व्हावी, त्या गावाच्या शिवारात ऐन श्रावणात उभे राहिले असता चहूकडे जे हिरवेपण दृष्टीस पडते, ते सर्वस्वी एकजिनसी आहे असाच कोणाचाही समज व्हावा. वस्तुतः भाताच्या पातीत काय, आंब्याच्या पानात काय किंवा बांधावरच्या तेरड्यात काय, ते हिरवेपण अनेक भिन्न द्रव्यांच्या सहवासाने सिद्ध झालेले असते. आणि ही द्रव्ये परस्परांपासून विलग करण्याच्या विद्येचा इतिहास मोठा उद्बोधक आहे.

पेलेतिए व काव्हाँतू या दोघा फ्रेंच रसायनज्ञांनी १८१७ साली पानातील हिरव्या द्रव्यास ‘क्लोरोफिल’ हे नाव दिले. त्यालाच आपण हरितद्रव्य म्हणतो. पुढे १८६४ साली जॉर्ज स्टोक्स यांनी प्रकाशाच्या परीक्षणावरून ते मिश्रण असल्याचे दाखविले. परंतु मिश्रण आहे असे अनुमान करणे निराळे आणि त्यातील घटक डोळ्यांपुढे वेगळे करून मांडणे निराळे. हे दुसरे कार्य मिखाईल त्स्वेत या रशियन वनस्पतिशास्त्रज्ञाने केले. वॉर्सा येथे १९०३ साली त्याने आपली पद्धत प्रथम विदित केली आणि १९०६ साली तीवर जर्मन नियतकालिकात लेख लिहिले. खडूच्या बारीक चूर्णाने भरलेल्या काचेच्या नळीतून पानांचा अर्क सोडला असता हिरव्या-पिवळ्या रंगांचे स्वतंत्र पट्टे त्या चूर्णावर उमटत, आणि एकाऐवजी दोन हरितद्रव्ये व त्यांच्या जोडीला अनेक पीतद्रव्ये असल्याचे प्रत्यक्ष सिद्ध होई.

एवढी मौलिक युक्ती, पण तिच्या वाट्यास दीर्घकाळ उपेक्षाच आली. हरितद्रव्यावरील संशोधनासाठी १९१५ चे नोबेल पारितोषिक मिळविणाऱ्या विल्स्टेटर यांच्यासारख्या अधिकारी पुरुषाला ती विशेष उपयुक्त वाटली नाही. महायुद्धाच्या धामधुमीत त्स्वेतला वॉर्सा सोडावे लागले, आणि १९१९ साली तो निवर्तला. १९३१ साली कून व लेडरर यांनी हायडेलबर्ग येथे कॅरोटीन या पीतद्रव्याच्या अभ्यासासाठी तीच पद्धत हाती घेतली, तेव्हा कोठे तिचे पुनरुज्जीवन झाले. नळीची जागा कागदाने घेतली ती १९४४ साली, इंग्लंडातील लीड्सच्या लोकर-संशोधन संस्थेत. कॉन्सडेन, गॉर्डन व मार्टिन यांना लोकरीतील अमिनो आम्ले ओळखावयाची होती. त्यांनी योजिलेल्या साध्या गाळणकागदाने ते काम तर केलेच, शिवाय पर्णरंगांच्या अभ्यासासही सुलभ मार्ग मोकळा करून दिला. या विद्येच्या मूळ तत्त्वाबद्दल मार्टिन व सिंज यांना १९५२ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

कृती पाहावी तर अगदी साधी. ताजे पान खलात घालून थोड्या ॲसिटोनमध्ये घोटावे. गाळणकागदाच्या पट्टीवर खालून दोन बोटे अंतर सोडून पेन्सिलीने रेघ ओढावी, कारण शाईची रेघ विद्रावकाबरोबर स्वतःच वर चढू लागते. त्या रेघेवर अर्काचा थेंब ठेवावा, सुकू द्यावा, पुन्हा ठेवावा, असे ठिपका गडद होईपर्यंत करावे. नऊ भाग पेट्रोलियम ईथर व एक भाग ॲसिटोन यांचे मिश्रण बरणीच्या तळाशी घालून पट्टी अशी टांगावी की तिचे टोक बुडेल, पण ठिपका बुडणार नाही. मग झाकण लावावे, आणि जवळपास विस्तव असू देऊ नये. विद्रावक वर चढू लागताच कागदाशी फारसा संबंध न ठेवणारे कॅरोटीन सर्वांच्या पुढे धावते व माथ्याशी नारिंगी-पिवळी रेघ उमटवते; त्याखाली झँथोफिलचा पिवळा पट्टा, त्याखाली निळसर हिरवे ‘अ’ हरितद्रव्य आणि कागदाने सर्वांत घट्ट धरून ठेवलेले पिवळसर हिरवे ‘ब’ हरितद्रव्य तळाशी राहते. हे रंग उजेडात लवकर फिके पडतात, म्हणून पट्टी बाहेर काढताच पेन्सिलीने त्यांच्या खुणा करून घ्याव्या लागतात.

भऱ्याच्या पूर्वेस, पाषाणच्या वाटेवर, ३ जानेवारी १९५० रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे उद्घाटन झाले. तिचे पहिले संचालक मॅकबेन हे पृष्ठभागावर द्रव्ये कशी धरली जातात या शास्त्राचे जाणकार, आणि १९५७ मध्ये संचालकपदी आलेले वेंकटरामन हे रंगद्रव्यांचे अव्वल दर्जाचे पंडित. त्स्वेतच्या नळीत रंग ज्या गुणामुळे अडून राहिले त्या गुणाचे आणि खुद्द रंगांचे असे दोन्ही अभ्यासक मुळशीच्या इतक्या निकट नांदून गेले, ही गोष्ट या मुलखास भूषणावह आहे.

कार्तिकात आंबेमोहोर पिकून पात पिवळी पडते, तेव्हा तो पिवळा रंग बव्हंशी नव्याने आलेला नसतो. हरितद्रव्याचे विघटन झाल्यामुळे आधीपासून असलेली पीतद्रव्ये दिसू लागतात. ही गोष्ट पुस्तकातून पाठ करणाऱ्या मुलापेक्षा आपल्याच खाचरातल्या हिरव्या पातीतून तो पिवळा रंग कागदावर चढताना पाहणाऱ्या मुलास अधिक खोल कळेल. त्स्वेतने जे ज्ञान इतक्या परिश्रमाने मिळविले, ते आता एक खल, एक बरणी आणि कागदाची पट्टी यांनी पडताळून पाहता येते. सबब शिक्षकाच्या देखरेखीखाली या प्रयोगाची तजवीज तालुक्यातील प्रत्येक माध्यमिक शाळेने करावी, इतकी ती गोष्ट अगत्याची आहे.