गळाला लागलेले विकर

मानवी पेशीच्या केंद्रकात सुमारे दोन मीटर डीएनए मावतो, तो हिस्टोन या प्रथिनांच्या रिळांवर गुंडाळलेला असतो म्हणून. आल्ब्रेख्त कोसेल यांनी १८८४ साली हंसाच्या तांबड्या रक्तपेशींतून हिस्टोन वेगळे केले. (पक्ष्यांच्या तांबड्या पेशींत केंद्रक असते.) पुढे बराच काळ अनेकांना ही प्रथिने म्हणजे नुसते बांधाबांधीचे सामान वाटत होते.

१९६४ साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटमध्ये व्हिन्सेंट ऑलफ्री व त्यांच्या सहकाऱ्यांना वेगळेच दिसले. हिस्टोनमधील लायसिनवर धनभार असतो आणि तो ऋणभारित डीएनएला धरून ठेवतो. लायसिनवर ॲसिटिल गट बसला की हा धनभार नाहीसा होतो. असे हिस्टोन आरएनए निर्मितीला कमी अडथळा करतात, असे त्यांना आढळले. मग ॲसिटिल गट हे जनुक चालू होण्याचे कारण, की केवळ सोबतची खूण? हे ठरवायचे तर गट बसवणारी आणि काढणारी विकरे हाती हवीत. गट काढण्याची क्रिया वासराच्या थायमस ग्रंथीत १९६९ मध्येच आढळली होती. पण ती करणारे प्रथिन काही हाती येईना.

वाट सापडली ती सूक्ष्मजीवांकडून. बुरशीनाशक म्हणून माहीत असलेले ट्रायकोस्टॅटिन हे द्रव्य अत्यल्प प्रमाणातही या विकराला रोखते, असे जपानच्या मिनोरू योशिदा व सहकाऱ्यांनी १९९० मध्ये दाखवले. ट्रॅपॉक्सिन हे दुसरे रोधक द्रव्य तर विकराला घट्ट चिकटते. तेव्हा त्याचाच गळ का करू नये? हार्वर्डमध्ये स्टुअर्ट श्रायबर यांच्या गटाने त्याच्यासारखा रेणू घडवून बारीक मण्यांना जोडला आणि १९९६ साली विकर पकडले. ते यीस्टमधील आरपीडी-३ या प्रथिनाचे भावंड निघाले. हे प्रथिन जनुकांच्या नियंत्रणात भाग घेते, हे आधीच ठाऊक होते! त्याच वर्षी डेव्हिड ॲलिस यांच्या गटाने ओळखलेले ॲसिटिल बसवणारे विकरही जनुक चालू करणाऱ्या एका ज्ञात प्रथिनाचे नातलग ठरले. ॲसिटिल गट ही नुसती सोबतची खूण नाही, हे आता स्पष्ट झाले.

१९९९ मध्ये विकराची रचना उलगडली, तीही उष्ण पाण्यात राहणाऱ्या, हिस्टोन नसलेल्या एका जिवाणूतील भावंडावरून. त्यात एक अरुंद नळीसारखा खळगा आहे आणि त्याच्या तळाशी जस्ताचा आयन. लायसिनची लांब शेपटी आत शिरते; जस्ताच्या मदतीने पाण्याचा रेणू ॲसिटिल गट तोडतो. ट्रायकोस्टॅटिन त्याच नळीत शिरून जस्त पकडते आणि वाट अडवते. याच तत्त्वावर चालणाऱ्या व्होरिनोस्टॅटला २००६ साली अमेरिकेत त्वचेच्या एका लिम्फोमासाठी मान्यता मिळाली.

माणसात अशी जस्तावर चालणारी अकरा विकरे आहेत. त्यांतले नेमके एकच कसे रोखावे, हा प्रश्न आज आम्हा संशोधकांपुढे आहे.