पहिल्या पिढीची घाई

मुलाला कोणत्या वयात काय शिकवावे, हा प्रश्न शिक्षणशास्त्राचा मानला जातो. माझ्या मते तो तितकाच इतिहासाचा आणि समाजरचनेचा आहे. आज आपल्या वस्त्यांमधून तीन वर्षांच्या पोराला उसनवारी करून इंग्रजी माध्यमाच्या नर्सरीत घातले जाते, आणि सहावी-सातवीतल्या मुलाला इंजिनिअरिंगच्या प्रवेश परीक्षेच्या 'फाउंडेशन' क्लासला बसवले जाते. ज्या बापाने दहावीचा उंबरठा ओलांडला नाही तो हे करतो. आणि माझ्यासारख्या घराण्यातल्या पहिल्या पदवीधराला, प्राध्यापकीचा पगार हाती येताच, हेच अधिक जोराने करावेसे वाटते. ह्यावर पांढरपेशा विचारवंतांचे ठरलेले उत्तर असते : कोवळ्या मनावर ओझे लादू नका. ज्यांच्या घरात तीन पिढ्यांची पुस्तके आहेत त्यांच्याकडून हे उत्तर येते, म्हणून आपल्या माणसाला त्याचा संशय येतो. तो संशय रास्त आहे. परंतु संशय रास्त आहे एवढ्यानेच आपली घाईही रास्त ठरत नाही. ह्यासाठी एका जुन्या, गाजलेल्या उदाहरणाकडे आपण आपल्या नजरेने पाहिले पाहिजे.

जॉन स्टुअर्ट मिल ह्याचा जन्म १८०६ सालचा, लंडनचा. त्याचा बाप जेम्स मिल ह्याने त्याला शाळेत घातले नाही, स्वतः शिकवले. तिसऱ्या वर्षी ग्रीक भाषा सुरू झाली. आठव्या वर्षापर्यंत इसापच्या कथा, झेनोफन आणि हिरोडोटस त्याने मूळ ग्रीकमधून वाचले होते. आठव्या वर्षी लॅटिन, बाराव्या वर्षी तर्कशास्त्र आणि तेराव्या वर्षी अर्थशास्त्र. फिरायला जाताना बाप अर्थशास्त्राचा एक भाग समजावून सांगे, मुलाने तो दुसऱ्या दिवशी लिहून आणायचा, आणि स्पष्ट होईपर्यंत पुन्हा पुन्हा लिहायचा. ह्याच टिपणांचा उपयोग करून जेम्स मिलने १८२१ मध्ये अर्थशास्त्रावरचे आपले पुस्तक सिद्ध केले.

ह्या शिक्षणाचा आपल्या देशाशीही संबंध आहे. बाप त्या काळात 'ब्रिटिश हिंदुस्थानचा इतिहास' लिहीत होता. हा ग्रंथ १८१७ च्या सुमारास छापून निघाला. त्याच टेबलाशी बसून मुलगा ग्रीक शिकत असे. त्या वेळी ग्रीक-इंग्रजी शब्दकोश उपलब्ध नव्हता, होता तो ग्रीक-लॅटिन. आणि लॅटिन तर त्याला येत नव्हते. त्यामुळे अडलेला प्रत्येक शब्द तो बापाला विचारी, आणि एरवी तापट असलेला हा माणूस लिहिणे थांबवून त्याला अर्थ सांगे. पुढे बाप-लेक दोघेही ईस्ट इंडिया कंपनीच्या लंडनमधील कचेरीत अधिकारी झाले. मुलगा १८२३ मध्ये, सतरा वर्षांचा असताना तेथे लागला.

आता निकाल काय लागला ते पाहू. १८७३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्रात मिल सांगतो, की ह्या शिक्षणामुळे आपण समवयस्कांच्या पाव शतक पुढे निघालो. आपली बुद्धी मुळात सरासरीच्या वर नव्हती, आपण जे केले ते साधारण कुवतीचा कोणताही मुलगा वा मुलगी करू शकेल, असेही तो म्हणतो. आपले शिक्षण घोकंपट्टीचे नव्हते, हे त्याने आवर्जून नोंदवले आहे. जे स्वतः विचार करून सापडण्यासारखे असे ते बाप आधी सांगत नसे.

परंतु माझ्या दृष्टीने ह्या आत्मचरित्रातील सर्वांत मोलाचा प्रसंग वेगळाच आहे. मिल चौदा वर्षांचा असताना दीर्घ प्रवासाला निघणार होता. त्यापूर्वी हाइड पार्कमध्ये फिरताना बापाने त्याला सांगितले, की तू आता लोकांत मिसळशील तेव्हा तुझ्या वयाच्या मुलांना ठाऊक नाही असे पुष्कळ तुला ठाऊक असल्याचे तुझ्या ध्यानात येईल. पण त्यात तुझा काही गुण नाही. शिकवण्याची कुवत असलेला आणि त्यासाठी वेळ खर्च करण्यास तयार असलेला बाप तुला लाभला, एवढेच त्याचे कारण आहे. आपल्याकडे गेली कित्येक वर्षे 'गुणवत्ता' ह्या शब्दाचा जो बडेजाव चालला आहे त्याला ह्याहून सरळ उत्तर मला कुठे आढळले नाही. लवकर मिळालेले शिक्षण हे वारशाने आलेले भांडवल असते. ज्याच्याकडे ते असते तो त्याला गुणवत्ता म्हणतो.

ह्याच गोष्टीची दुसरी बाजू अशी. जेम्स मिलने मुलाला सुट्टी अशी कधी दिली नाही. इतर मुलांचे वळण लागू नये म्हणून त्याला त्यांच्यापासून दूर ठेवले. हातांनी करायच्या कामांत तो आयुष्यभर अनाडी राहिला. धाकट्या भावंडांना शिकवण्याची जबाबदारी आठव्या वर्षापासून त्याच्यावर पडली. बापाच्या वागण्यात मायेचा ओलावा नव्हता, हेही त्याने लिहून ठेवले आहे. १८२६ च्या शरद ऋतूत, विसाव्या वर्षी, हा तरुण आतून कोसळला. ज्या सुधारणांसाठी आपण झटतो आहोत त्या सगळ्या आज पुऱ्या झाल्या तर आपल्याला आनंद होईल का, असे त्याने स्वतःला विचारले, आणि उत्तर आले : नाही. कित्येक महिने तो ह्या अंधारात होता. मार्मोंतेल ह्या फ्रेंच लेखकाच्या आठवणींतील बापाच्या मृत्यूचा प्रसंग वाचताना त्याला रडू आले, आणि आपल्यात भावना शिल्लक आहे ह्याचा त्याला दिलासा वाटला. पुढे १८२८ मध्ये वर्डस्वर्थच्या कवितेने त्याला सावरले. ग्रीक लवकर शिकल्यामुळे तो कोसळला असे तो म्हणत नाही. प्रत्येक गोष्टीची चिरफाड करण्याची सवय लागली आणि भावनेची मशागत झाली नाही, असे त्याचे निदान आहे.

आता प्रश्न असा, की जेम्स मिल एवढ्या घाईत का होता? चरित्रकार त्याच्या तत्त्वज्ञानाकडे बोट दाखवतात. मला त्याचे कूळ महत्त्वाचे वाटते. हा माणूस स्कॉटलंडमधल्या एका खेड्यातील जोडे शिवणाऱ्याचा मुलगा. आईने ठरवले, की हा थोरला मुलगा धंद्यात पडणार नाही, शिकेल. सर जॉन स्टुअर्ट नावाच्या जमीनदाराने मदत केली म्हणून तो एडिंबरा विद्यापीठापर्यंत पोचला, आणि त्याच उपकारकर्त्याचे नाव त्याने पुढे आपल्या मुलाला ठेवले. म्हणजे जेम्स मिल हा पहिल्या पिढीचा शिकलेला माणूस होता. तिथला जोडे शिवणारा अस्पृश्य नव्हता, तिथल्या दारिद्र्याला इथल्या विटाळाची जोड नव्हती, हा फरक विसरून चालणार नाही. पण पहिल्या पिढीची घाई दोन्हीकडे सारखीच आहे. जे आपल्याला उशिरा आणि दुसऱ्याच्या मेहेरबानीने मिळाले ते पोराला लवकर आणि हक्काने मिळावे, ही ती घाई. तिच्यामागे प्रेम असते, आणि तिचे ओझे दुसऱ्या पिढीच्या पाठीवर पडते.

इथे आपल्या इतिहासाकडे वळावे लागते, कारण 'वय' हा मुद्दा आपल्याकडे कधीच निर्मळ नव्हता. ब्राह्मण बटूची आठव्या वर्षी मुंज करून, अर्थ कळण्याच्या आधीच त्याच्याकडून मंत्र पाठ करून घेण्याची रीत शतकानुशतके चालली. तेव्हा कोवळ्या मनाची काळजी कोणी केली नाही. शाळेत बाबासाहेबांना संस्कृत शिकायचे होते, ते मिळाले नाही आणि पर्शियन घ्यावे लागले. तिथे आड आले ते वय नव्हते, जात होती. इ. स. २००० मध्ये तत्कालीन शिक्षणमंत्री रामकृष्ण मोरे ह्यांनी मराठी शाळांत पाचवीऐवजी पहिलीपासून इंग्रजी विषय सुरू केला, तेव्हा मात्र बालमानसशास्त्राची आठवण जोरात झाली. विरोध करणारे सगळेच दांभिक नव्हते. मूल मातृभाषेतून उत्तम शिकते हे म्हणणे खरेच आहे. तथापि ज्यांची स्वतःची नातवंडे बालवाडीपासून इंग्रजी शाळेत होती, त्यांनी जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या पोराच्या मनावर पडणाऱ्या ताणाची चिंता वाहावी, ह्याला काय म्हणावे?

बाबासाहेबांच्या घरीही घाई करणारा बाप होता. सुभेदार रामजी सकपाळ हे लष्करी शाळेत शिक्षक होते. परळच्या एका खोलीच्या संसारात ते पोराला पहाटे दोनला उठवून अभ्यासाला बसवीत आणि लेकींचे दागिने गहाण टाकून त्याला पुस्तके आणून देत. पण त्या घरात कबीरपंथाची भजने होती, संध्याकाळचे पठण होते, भावंडांची गर्दी होती. आणि हेही पाहावे, की १८९१ मध्ये जन्मलेले बाबासाहेब १९०७ मध्ये मॅट्रिक झाले, १९१२ मध्ये बी. ए. झाले. वयाच्या हिशेबाने ही काही विक्रमी घोडदौड नव्हे. जगाने थक्क व्हावे असा अभ्यास त्यांनी १९१३ नंतर कोलंबियात केला. दार उघडल्यावर केला.

म्हणून लवकर की उशिरा, हा वाद मला अपुरा वाटतो. मूल विचारील तेव्हा काम थांबवून अर्थ सांगणारे कोणी आहे का, हे आधी पाहावे. जेम्स मिलने हे केले म्हणून त्याच्या मुलाला तिसऱ्या वर्षीचे ग्रीक पचले. आपण नर्सरीची फी भरतो तेव्हा हे माणूस विकत मिळेल असे समजतो, आणि पदरात पडते ती घोकंपट्टी. १९९३ मध्ये यशपाल समितीने सांगितले होते, की दप्तराच्या वजनापेक्षा न कळण्याचे ओझे जड असते. पहिलीपासून इंग्रजी शिकूनही पाच ओळींचा अर्ज स्वतःच्या मनाने लिहिता न येणारी मुले दरवर्षी माझ्या वर्गात येतात. त्यांचे नुकसान इंग्रजी लवकर आल्याने झाले नाही. ते अर्थावाचून आल्याने झाले.

आपल्या मुलांना बीजगणित, इंग्रजी, संगणक, जे जे दुसऱ्याला लवकर मिळते ते लवकर मिळालेच पाहिजे. ह्यावर तडजोड नको. मात्र त्याबरोबर त्यांना वस्तीतले सवंगडी, हाताला काम आणि रडण्या-हसण्याची मोकळीकही मिळाली पाहिजे. आणि त्यांना केव्हातरी हेही सांगितले पाहिजे, की तुला जे येते ते कोणाच्या कष्टांमुळे येते. त्यासाठी घरोघर विद्वान बाप लागत नाही. वस्तीच्या विहारात संध्याकाळी दोन तास बसून मुलांच्या शंकांना उत्तर देणारे चार पदवीधर लागतात. आपल्या पिढीत ते आता प्रत्येक वस्तीत सापडतात.