कापसाचा चेक आणि पॉइनसेटची कुळे

अमेरिकेतील यादवी युद्धामुळे आपल्या वऱ्हाड-खानदेशात कापसाला सोन्याचा भाव आला आणि १८६५ साली युद्ध संपताच तो कोसळला, ही हकीकत आपणांस ठाऊकच आहे. आज त्याच कापसाच्या मागोमाग आपण मिसिसिपीच्या खोऱ्यात, आर्कान्सॉ राज्यातील पॉइनसेट काउंटीत जाऊ. काउंटी म्हणजे ढोबळ मानाने आपला जिल्हाच.

१९२९ साली सोळा-सतरा सेंट रत्तल विकणारा कापूस पुढील दोन-तीन वर्षांत पाच-सहा सेंटांवर आला. तेव्हा मे १९३३ मध्ये रूझवेल्ट सरकारने कायदा केला : पीक कमी करा, मोबदला आम्ही देऊ. पण पेरा तर होऊन गेलेला! म्हणून त्या उन्हाळ्यात सुमारे १ कोटी एकरांवरील उभा कापूस नांगरून टाकण्यात आला. रोपांवर पाय न देण्याची शिकवण मिळालेली खेचरे त्या वेळी अडून बसली, असे सांगतात. खेचरांचे फारसे चुकले, असे आम्हांस वाटत नाही.

भाव चढला, हे मान्य केलेच पाहिजे. मळेवालेही कर्जात बुडालेले होते. त्यांना सरसकट लुटारू ठरवण्याचे कारण नाही. प्रश्न होता तो मोबदल्याचा चेक कोणाच्या हाती पडतो, हा. तेथील जमीन बहुतांशी अर्धेलीने कसली जाई. कुळाला बी, अवजारे, खेचर मालकाचे; किराणाही त्याच्याच दुकानातून, उधारीवर. सरकारचा करार मात्र मालकाशी. १९३४-३५ च्या करारात पडीक ठेवलेल्या जमिनीच्या सरासरी उत्पन्नावर रत्तलामागे साडेतीन सेंट खंड आणि एक सेंट पूरक रक्कम होती. या साडेचार सेंटांतून अर्धेलीच्या कुळाच्या वाट्याला अर्धा सेंट! तोही मालकाच्या वहीतून उधारी वळती होऊन.

कुळे काढू नयेत, असे कराराच्या सातव्या कलमात होते. पण ‘शक्य तेवढे’ अशी पळवाटही होती. तक्रार ऐकणार कोण? काउंटीची समिती, आणि तीत प्रामुख्याने जमीनवालेच.

टायरोन्झा गावाजवळच्या एका मळ्यातून कुळे निघाली. जुलै १९३४ मध्ये तेथील एका शाळेत अकरा गोरे आणि सात काळे शेतकरी एकत्र बसले आणि त्यांनी दक्षिणेतील कुळांचा संघ स्थापन केला. दोन्ही वर्णांची माणसे एकाच संघात, हे त्या मुलखात धाडसच होते. आर्कान्सॉतच १९१९ साली एलेन येथे संघटित होऊ पाहणाऱ्या काळ्या कुळांची कत्तल झाली होती.

वॉशिंग्टनमध्ये शेती खात्यातील काही वकिलांनी सातव्या कलमाचा अर्थ लावला : तीच कुळे ठेवली पाहिजेत. फेब्रुवारी १९३५ मध्ये त्या वकिलांनाच नोकरीवरून काढले गेले. जानेवारी १९३६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गिरण्यांवरील कर, ज्यातून हा पैसा येई, तोच घटनाबाह्य ठरवला. पुढच्या योजनांत कुळाचा वाटा वाढला आणि चेक थेट त्याच्या नावे निघू लागला. तेव्हा मालकांनी हिशेब केला : कूळ ठेवले तर चेक वाटावा लागतो, रोजंदारीचा मजूर ठेवला तर नाही. जानेवारी १९३९ मध्ये शेजारच्या मिसूरी राज्यात, ऐन थंडीत, हजाराहून अधिक निघालेली माणसे बिछाने, चुली आणि पोरेबाळे घेऊन महामार्गाच्या कडेला येऊन बसली.