सदाफुली : अंगणातील फूल, कर्करोगावरील औषध

सदाफुली मूळची मादागास्करची. कॅनडात मधुमेहाच्या संदर्भात तिच्या पानांचा अभ्यास सुरू असताना अर्कामुळे उंदरांच्या रक्तातील पांढऱ्या पेशी घटल्याचे आढळले. त्यातूनच १९५८ मध्ये रॉबर्ट नोबल व चार्ल्स बीअर यांनी व्हिनब्लास्टिन हे द्रव्य वेगळे केले. पाठोपाठ आलेले व्हिनक्रिस्टिन लहान मुलांच्या रक्ताच्या कर्करोगावर आजही वापरले जाते.

पेशीचे विभाजन होताना सूक्ष्म नलिका गुणसूत्रांची विभागणी करतात. ही द्रव्ये नलिकांमधील ट्युब्युलिन या प्रथिनाला चिकटतात. नलिका तयार होत नाहीत, विभाजन अर्ध्यावर थांबते आणि पेशी स्वतःच्याच यंत्रणेने मरते. या नियोजित मृत्यूला अपॉप्टोसिस म्हणतात.

मात्र निरोगी पेशी व मज्जातंतूंनाही इजा पोहोचू शकते. पानांमध्ये ही द्रव्ये अत्यल्प असतात. त्यामुळे पाने चघळणे हा उपचार नव्हे. शुद्ध औषध मोजून, केवळ शिरेतूनच दिले जाते.